डीएनए शंभरपट, गाठी मात्र दोनच

लोणंद-फलटण पट्ट्यात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळे, म्हणजे फुलांच्या गोंड्याचे दांडे, येतात. गोंड्यावरचं पातळ आवरण फाटायच्या सुमारास आतल्या कळ्यांमध्ये अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन, चालू असतं. एका गोंड्यातल्या कळ्या एका वयाच्या नसतात, म्हणून एकाच गोंड्यात बहुतेक अवस्था सापडतात. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला याहून स्वस्त साहित्य मिळणार नाही.

गोंडा सकाळी कापून तिथेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात टाकावा. मिश्रण त्याच दिवशी केलेलं हवं. शिळं झालं की दोन्ही द्रव्यांची आपसात प्रक्रिया होते आणि पेशी नीट धरल्या जात नाहीत. 24 तासांनी कळ्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रीजमध्ये. स्लाइडसाठी हिरवट, अर्धपारदर्शक परागकोष घ्या. पिवळा झाला असेल तर वेळ गेली, आत परागकण तयार आहेत. अ‍ॅसेटोकार्माइनच्या थेंबात लोखंडी सुईने चेचा. त्या लोखंडानेच रंग गडद चढतो. परागकोषाच्या भिंतीचे तुकडे चिमट्याने काढून टाका, नाहीतर कव्हरस्लिप वर तरंगते आणि गुणसूत्रं पसरत नाहीत. स्पिरिटच्या दिव्यावर हाताला सोसेल इतपतच गरम करा, उकळू देऊ नका. मग टिपकागदाखाली ठेवून अंगठ्याने सरळ दाबा. काच जराही सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

मध्यावस्थेत गुणसूत्रांच्या आठ जोड्या दिसतात. जोडी कड्यासारखी दिसली तर गुणसूत्राच्या दोन्ही बाहूंवर मिळून किमान दोन गाठी, म्हणजे कायझ्मा: जोडीतल्या गुणसूत्रांनी आपसात तुकडे अदलाबदल केले (क्रॉसओव्हर), त्या जागा. काडीसारखी दिसली तर बहुधा एकच. सरासरी जोडीमागे साधारण दोन पडतात. इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडाच्या पाच जोड्या आणि साधारण 13.5 कोटी बेस-जोड्यांचा जीनोम. कांद्याचा सुमारे 1,600 कोटी. शंभरपटीहून जास्त डीएनए, तरी जोडीमागे गाठी तेवढ्याच! डीएनए जितका जास्त तितके क्रॉसओव्हर जास्त, हा समज इथे कोसळतो.

कारण पेशी क्रॉसओव्हर निवडून करते. सुरुवातीला एसपीओ11 हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे ठिकठिकाणी तोडतं. उंदरात असे दोनशे-तीनशे छेद पडतात आणि त्यातून क्रॉसओव्हर होतात पंचवीसच्या आत-बाहेर. बाकीचे अदलाबदल न होता सांधले जातात. एफएएनसीएम, आरईसीक्यू4, एफआयजीएल1 ही प्रथिनं तर क्रॉसओव्हर होऊ नये म्हणूनच राबतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्यांतली शेवटची दोन एकत्र बंद केली की क्रॉसओव्हर कित्येक पटींनी वाढतात.

मग निवड कोण करतं? समजात, म्हणजे एका जोडीतली, गुणसूत्रं शेजारी-शेजारी चिकटली की मध्ये प्रथिनांची एक पट्टी तयार होते. तिच्यावर एचईआय10 नावाच्या प्रथिनाचे असंख्य बारीक ठिपके बसतात. तासगावच्या द्राक्षमांडवाच्या तारेवरचं दव आठवा: आधी बारीक थेंब, मग थोडेच मोठे. फरक इतकाच, की इथे ठिपके जागचे हलत नाहीत. त्यांतलं प्रथिन पट्टीवरून सरकत राहतं. मोठा ठिपका शेजारच्या लहानाला शोषून घेतो आणि शेवटी उरलेल्या दोन-तीन ठिकाणीच क्रॉसओव्हर पक्का होतो. 2021 साली अरॅबिडॉप्सिसवर हे गणितासकट मांडलं गेलं. एका गाठीजवळ दुसरी का पडत नाही, याचं मला पटलेलं उत्तर हेच. एचईआय10 च्या जादा प्रती घातल्या की क्रॉसओव्हर वाढतात, आणि मधली पट्टीच काढली की गाठींमधलं अंतर पाळलं जात नाही, हेही त्याला धरूनच आहे.

हे अंतर शेतातही मोजता येतं. तीन जनुकांच्या संकरात पहिल्या दोघांत 10 टक्के, पुढच्या दोघांत 20 टक्के पुनर्संयोग असेल तर 1,000 झाडांत दुहेरी क्रॉसओव्हरची 20 झाडं अपेक्षित. सापडली 6, तर 6 भागिले 20 म्हणजे 0.3, आणि एकातून ते वजा केलं की अडथळा, म्हणजे एका गाठीने जवळच्या दुसरीला केलेला अटकाव, 0.7.

गाठ कुठे पडते हेही महत्त्वाचं. चीन-जपानकडच्या अ‍ॅलियम फिस्ट्युलोसम या कांद्याच्या भावंडात गाठी गुणसूत्रबिंदूला (गुणसूत्राचे दोन बाहू जिथे जुळतात ती जागा) चिकटून पडतात, आपल्या कांद्यात त्यापासून दूर. गहू आणि बार्लीत त्या टोकांकडे गर्दी करतात. मधला मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या अखंड जातो. रोगप्रतिकारक जनुक त्या मधल्या भागात असलं की शेजारचे नको ते गुणही गळ्यात पडतात.

एकही गाठ पडली नाही तर जोडी सुटते, दोन्ही गुणसूत्रं वाट फुटेल तिकडे जातात आणि स्लाइडवर मागे रेंगाळलेली गुणसूत्रं दिसतात. सांगलीच्या हळदीची अडचण वेगळी: 63 गुणसूत्रं, म्हणजे 21 चे तीन संच. तिसऱ्याला जोडीदारच नाही, म्हणून बी जवळजवळ धरत नाही आणि गड्डेच लावावे लागतात.

कांद्यात परागकण चिरमटलेले, रंग न घेणारे दिसले तर लगेच गाठींवर खापर फोडू नका. संकरित बियाण्यासाठी वापरतात त्या नरवंध्य वाणांत विभाजन नीट होतं, बिघाड नंतर, चार पेशींचा पुंजका झाल्यावर होतो. आधी वाण विचारा, मग मध्यावस्थेतल्या कळ्या पाहा.