आज चंपाषष्ठी. येळकोट येळकोट जय मल्हार!

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला बसलेले खंडोबाचे घट आज उठले. ज्या घरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य असतं, तिथे आज नैवेद्याला नेमकं हेच: वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा.

भरीत बिघडतं ते बहुतेक वेळा घाईनं. वांगं जड नको, हातात हलकं लागलं म्हणजे बिया कमी. तेलाचं बोट फिरवून चार-पाच ठिकाणी टोचे मारायचे, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, तिथे सुरी सहज गेली की झालं. मग 5 मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. सोलताना नळाखाली मात्र धरू नका हो, सगळा धूर वाहून जातो आणि भरीत पाणचट होतं. मीठ अगदी वाढताना.

रोडग्याला बाजरी ताजी दळलेलीच हवी. जुनं पीठ कडवट लागतं.

तळी भरताना ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाच जणांनी मिळून तीनदा उचलायची, दरवेळी ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत.

आणि रात्री जागरण असेल तर दिमडी वाजवणाऱ्यांजवळ शेकोटी ठेवाच. थंडीत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. जाळावर क्षणभर शेकली की पुन्हा खणखणीत बोलते, आणि तुणतुण्याबरोबर पहाटेपर्यंत साथ देते.