तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सरीत लव्हेंडर का नाही

सीझनला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "काकू, महाबळेश्वर एवढं थंड, मग तुमच्याकडे लव्हेंडर कसं नाही?" एकाने तर तोंडावर सांगितलं की तुम्हाला नवीन काही करायचंच नसतं. म्हणून एकदा काय ते लिहून टाकते.

अहो थंडीचं काय घेऊन बसलात, खरी अडचण पावसाची आहे. फ्रान्सच्या प्रोव्हान्सला ते चुनखडीच्या दगडगोट्यांत वाढतं, उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, वर जांभ्याची आम्लधर्मी माती. स्ट्रॉबेरीला ती मानवते, लव्हेंडरला मातीचा सामू (पीएच) सातच्या आसपास किंवा वरच लागतो. आणि तुम्ही मला पाठवता ते व्हिडिओ जम्मूकडच्या डोंगरातल्या भद्रवाहचे असतात. तिथे मका सोडून लोक लव्हेंडरकडे वळले हे खरंय, पण तिथे बर्फ पडतो, आणि रोपं, तेल काढायची युनिटं द्यायला जम्मूची सरकारी संशोधन संस्था मागे उभी होती.

हेच सगळं मी माझ्या पुतण्याला सांगितलं होतं. त्याला एका कंपनीने रोपं दिली, बायबॅकचा, म्हणजे पीक आम्हीच विकत घेऊ असा, कागद दिला, आणि पुतण्या मला म्हणाला काकू तुम्हाला कॉम्पिटिशनची भीती वाटते. मे महिन्यात रोपं काय दिसत होती म्हणून सांगू, राखाडी-हिरवी, हात फिरवला की दिवसभर वास. ऑगस्टमध्ये जाऊबाईंनी बोलावलं म्हणून गेले. गादीवाफे केले होते त्याने, वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर पण होता, आणि सगळा घोळ त्या पेपरखालीच झाला होता, कारण खाली माती वाळायलाच तयार नाही. वरून पानं काळपट, मधूनच एखादी फांदी टवटवीत. एक रोप धरलं तर ओढावंही लागलं नाही, हातातच आलं, मुळाची साल बोटाला चिकटून निघाली आणि आत तपकिरी दोरा. वास लव्हेंडरचा नाही, कुजक्या कांद्याचा. तो बांधावर उभा होता, म्हणाला, "बोला ना आता." मी काही बोलले नाही. कंपनीचा फोन तेव्हापासून बंद, आणि पुतण्या माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आता मला मत्सरी म्हणा नाहीतर घाबरट. पूर्वी मीच गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायचे की निचरा केला, वाळू-चुना घातला की काहीही येतं. ते अगदी खोटं होतं असं आजही म्हणवत नाही, कारण शेडमध्ये प्लास्टिकखाली माझ्याकडे लव्हेंडरच्याच डेंटाटा जातीची एक कुंडी आहे आणि ती मस्त फुलते. मग विकत का नाही? कारण तुम्ही ती नेऊन जूनमध्ये अंगणात ठेवणार, आणि वर मलाच फोन करणार.

गंमत म्हणजे लव्हेंडरच्या कुळातलं बायपिनाटा आपल्या सह्याद्रीत आपसूक उगवतं, पाऊस सरला की फुलतं. टुरिस्ट ते तुडवत येतात आणि मला विचारतात लव्हेंडर आहे का.

माण-खटावकडे पाऊस पाचशेच्या आतबाहेर, जमिनीत चुनखडी. तिकडे डेंटाटा तरावा असं मला वाटतं. तेलासाठीची खरी जात मात्र तिकडे तरायची नाही, तिला कडक हिवाळा लागतो. पण डेंटाटाही मी तिकडे लावून बघितलेला नाही, त्यामुळे होही म्हणत नाही आणि नाहीही. कुणी लावलंच तर चार ओळी लावा, दोन पावसाळे जाऊ द्या, बायबॅकच्या कागदावर सही करू नका. आणि रोपं माझ्याकडे मागू नका.