चिनी नायिकेचं प्रेम वाचताना आधी कायदा बघा

परदेशात स्थायिक झालेल्या चिनी लेखिकांच्या प्रेमकथा आल्या की ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’ हे ठेवणीतलं वाक्य हमखास येतं. त्यातून हाती काहीच लागत नाही. आधी त्या काळचा कायदा बघावा, मग भाषा.

अमेरिकेत १८७५ च्या पेज कायद्यामुळे चिनी स्त्रियांना प्रवेश मिळणं फार अवघड झालं. १८८२ मध्ये चिनी मजुरांवर बंदी आली. १९०५ मध्ये कॅलिफोर्नियाने गोरे आणि ‘मंगोलियन’ (यात चिनीही आले) यांचं लग्न बेकायदा ठरवलं. ती बंदी त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये रद्द केली. १९०७ पासून तर परक्या देशाच्या नागरिकाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं.

हे माहीत असलं की त्याच काळात लिहिणाऱ्या सुई सिन फार या लेखिकेच्या कथांचं धाडस कळतं. आई चिनी, वडील इंग्रज, खरं नाव एडिथ मॉड ईटन. गोरी मिनी आणि तिचा चिनी नवरा लिऊ कांगही यांच्या संसारावर त्यांनी दोन कथा लिहिल्या. मिनीचा पहिला नवरा गोरा, शिकलेला, आणि तिला सतत कमी लेखणारा. लिऊ तिला आधार देतो, आणि शेवटी त्याचा जीव घेतात त्याचेच देशबांधव. मुलांसाठी घेतलेले लाल चेंडू त्याच्या खिशात सापडतात. दोन्ही समाजांचा राग एकाच घरावर कसा निघतो, हे एवढ्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवलं असेल.

पुढे कायदे सैलावले आणि पेच भाषेत शिरला. चिनी-अमेरिकन लेखिका एमी टॅन यांच्या १९८९ च्या कादंबरीत चिनी आई स्वतःच्याच पदार्थाला ‘मीठ कमी पडलंय’ म्हणते. तिला कौतुक हवं असतं. गोरा जावईबापू होऊ घातलेला रिच मात्र त्यावर सरळ सोया सॉस ओततो. शियाओलू गुओ यांच्या २००७ च्या कादंबरीतली चिनी मुलगी लंडनमध्ये एका इंग्रज पुरुषाच्या तोंडून ‘बी माय गेस्ट’ (म्हणजे नुसतं ‘खुशाल’) ऐकते आणि सामान घेऊन त्याच्या घरी राहायलाच येते.

ही दुसरी कादंबरी मोडक्या इंग्रजीत सुरू होते आणि नायिकेबरोबर तिची भाषाही सुधारत जाते. अनुवादकाने पहिल्याच पानावर व्याकरण नीट केलं तर सगळं हातचं गेलं. मराठीत अडचण आणखी मोठी. नायिकेची तक्रार अशी, की इंग्रजीत प्रेमालाही व्याकरणातला काळ असतो, चिनी ‘आय’ला (म्हणजे ‘प्रेम’ या शब्दाला) तो नसतो. आपल्याकडे तर ‘करतो’ की ‘करते’ हे ठरवल्याशिवाय प्रेमाची कबुलीसुद्धा देता येत नाही.