चाय मागवला, फो आला

सॅन होजेत पाऊस, त्यात आईला घरचं नको होतं. स्टोरी रोडवरच्या छोट्या व्हिएतनामी हॉटेलात शिरलो. मेनूत 'फो चाय' वाचून आई खूश, "चला, चहा तरी मिळेल!"

व्हिएतनामीत चाय म्हणजे शाकाहारी. परातीएवढा वाडगा आला, वाफाळतं पाणीदार सूप, तांदळाच्या शेवया, टोफू. सोबत लांब मोडांचे मूग, लिंबू आणि तुळस. आईने पान चुरगळून हुंगलं. "आपली नव्हे ही. बडीशेपेचा वास आहे."

गल्ल्यावरच्या मावशी म्हणाल्या, त्यांच्यातही पौर्णिमा-अमावास्येला बरेच जण चाय खातात. आईने तिथेच फोनवर पुढची पौर्णिमा शोधली. फिश सॉसची बाटली तेवढी मी गुपचूप पलीकडच्या टेबलावर सरकवली.