सेंच्युरियनचे पट्टे: पावसाळ्यानंतरची नोंद

पाऊस उघडला, बेलापूरच्या आमच्या अंगणातली माती पाय रुतणार नाही इतकी घट्ट झाली आणि १/६ मापाचा आमचा रेडिओवर चालणारा सेंच्युरियन रणगाडा पुन्हा चालायला लागला. या वेळची नोंद बहुतेक सगळी पट्ट्यांवरच, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या कड्यांच्या साखळ्यांवरच आहे. मोटर, बॅटरी, रेडिओ यांचं शेवटी थोडक्यात उरकतो, कारण त्यांनी मोसमभर काही त्रास दिलेला नाही. पट्ट्यांकडे मात्र रोज लक्ष द्यावं लागतं.

नव्या मंडळींसाठी आधी मापं. खऱ्या सेंच्युरियनची हल, म्हणजे खालचं धड, साधारण ७.६ मीटर लांब, रुंदी ३.४ मीटर आणि वजन ५१ टनांच्या आसपास. सहाने भागलं की आपल्याकडे लांबी १२७ सेंटिमीटर आणि रुंदी ५७ सेंटिमीटर येते, म्हणजे अडीच फुटी दारातून रणगाडा सुखरूप बाहेर पडतो. वजन मात्र सहाच्या घनाने, २१६ ने, भागायचं असतं. त्या हिशेबाने २३६ किलो भरायला हवेत. आमचा ९२ किलोचा आहे, कारण रबाळ्यात लेझरवर कापून घेतलेला ३ मिलिमीटरचा पत्रा आणि आत पोकळी. खऱ्यासारखं जाड चिलखत कोण घालणार!

आता खरी गंमत. माझ्या पट्ट्याची रुंदी १० सेंटिमीटर, जमिनीला टेकणारी लांबी ७६ सेंटिमीटर. दोन पट्ट्यांवर ९२ किलो वाटले की दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.०६ किलो येतात. खऱ्या सेंच्युरियनचा जमिनीवरचा दाब ०.९ किलोच्या आसपास असतो. नुसत्या पायांवर उभ्या असलेल्या माणसाचा दाब माझ्या रणगाड्याच्या तिप्पट भरतो. म्हणून ‘एवढं वजन हिरवळीवर फिरवतोस, गवत मरत नाही का?’ या प्रश्नाला माझं उत्तर ठाम असतं: सरळ चालताना गवताला काही होत नाही. गवत फाटतं ते वळताना.

रणगाड्याला स्टिअरिंगची चाकं नसतात. एक पट्टा पुढे, दुसरा हळू किंवा मागे, आणि मधलं सगळं अंग जमिनीवर आडवं खरडत फिरतं. जमिनीला टेकलेली लांबी जितकी जास्त आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकं वळणं जड. माझ्याकडे ७६ ला ४४ हे प्रमाण आहे, म्हणजे पावणेदोनच्या जवळ. याहून लांबट गाडा जागच्या जागी फिरायला फार त्रास देतो. मोटरच्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावून बघितलं. पेव्हर ब्लॉकवर सरळ जाताना प्रत्येक मोटर ६-७ अँपिअर घेते, आणि ओलसर गवतावर जागीच गिरकी घेताना तीच ३० च्या पुढे जाते. पाचपट! तो सगळा जोर पिनांवर येतो, कड्यांवर येतो, स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर येतो. गवत उपटलेलं डोळ्यांना दिसतं, पिनांची झीज दिसत नाही.

यातून निघालेला नियम आता अंगणात पक्का झाला आहे. गिरकी फक्त पेव्हरवर, तीही पाणी मारून ओल्या केलेल्या. गवतावर आणि मुरमावर दोन मीटरच्या त्रिज्येचा मोठा वळसा. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी आमच्या कुंपणाला लागून किल्ला केला आणि रणगाडा त्याला फेरी घालून आलाच पाहिजे असा हट्ट धरला, तेव्हा ती वाटही याच मापाने आखली. मावळे, बुरुज, अळिवाची हिरवळ, कशालाच धक्का नाही. रेडिओवर एक्स्पोनेन्शियल (काडीच्या सुरुवातीच्या हालचालीला कमी प्रतिसाद देणारी सोय) वाढवून ठेवलं की काडी अर्ध्यापर्यंत ढकलली तरी गाडा मुंगीच्या चालीनेच सरकतो.

पट्टा उतरतो कधी, तेही सांगतो. सेंच्युरियनचं स्प्रॉकेट मागे असतं. पुढे जाताना ते खालचा पट्टा ओढतं, म्हणून खाली ताण आणि सैलपणा वरच्या बाजूला, रोलरवर निवांत पडलेला. रिव्हर्स टाकला की सगळं उलटं होतं. स्प्रॉकेट वरचा पट्टा ओढायला लागतं आणि सैलपणा खाली येतो, शेवटचं चाक आणि स्प्रॉकेट यांच्या मधे. नेमक्या त्याच वेळी वळण घेतलं आणि तिथे एखादा खडा आला, तर पट्टा बाजूला सरकून दातांवर चढतो. म्हणून मागे घेताना सरळच घ्यायचं, वळायचं ते पुढे जाताना. पट्टा उतरण्याचे जवळजवळ सगळे प्रसंग एवढ्या एका सवयीने थांबले.

झिजेचा हिशेब सगळ्यांनी एकदा कागदावर मांडून बघावा. माझ्या प्रत्येक पट्ट्यात १०८ कड्या, दोन पिनांमधलं अंतर २४ मिलिमीटर. एका सांध्यात ०.१ मिलिमीटर झीज म्हणजे नखालाही लागत नाही. पण १०८ सांध्यांची बेरीज होते जवळजवळ ११ मिलिमीटर, अर्धी कडी! पट्टा टेबलावर घेऊन दहा कड्या ताणून धरल्या आणि स्टीलच्या पट्टीने मोजल्या. नव्या होत्या तेव्हा २४० मिलिमीटर, पावसाळ्यानंतर २४२ च्या थोडं वर. म्हणजे अख्खा पट्टा एका कडीने लांबला. आयडलर (पट्ट्याच्या पुढच्या टोकाचं मोकळं चाक) पुढे सरकवून ताण मिळतो, तो संपला की एक कडी काढायची, हे सगळेच करतात. मात्र कडी काढल्याने लांबी जुळते, अंतर जुळत नाही. प्रत्येक कडी स्प्रॉकेटच्या दातापेक्षा थोडी लांबच राहते, दातावर तिरपी बसते आणि दात एका अंगाने खायला लागते. दातांना हुकासारखा बाक दिसायला लागला की समजायचं, नुसती कडी काढून भागणार नाही.

पुढचा भाग आपल्या हवेचा. कड्या ॲल्युमिनियमच्या ओतीव, वजनाला हलक्या म्हणून घेतलेल्या, आणि पिना पोलादाच्या. बेलापूरला एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत, आणि ती ओल खारट. अशा ओलीत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खंगत जातं. भोकाच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमते, ती फुगते आणि पिन भोकात धरून ठेवते. अशी कडी दुमडत नाही. आयडलरवरून जाताना ती ताठ उभी राहते, टक्क असा आवाज येतो आणि मागची कडी उचलली जाते. रणगाडा अगदी हळू चालवून, कान पट्ट्याशी नेऊन ऐकलं तर नेमकी कुठली कडी आहे ते कळतं. तिच्यावर खडूची खूण करायची, हीट गनने तापवायची, पंच लावून हलक्या हातोडीने पिन बाहेर काढायची. गरम न करता ठोकलं तर कडीचा कान तुटतो.

स्टेनलेसच्या पिना घाला असं बरेच जण सुचवतात. पिन गंजणार नाही हे खरं, पण ॲल्युमिनियमच्या शेजारी स्टेनलेस म्हणजे कड्यांचं मरण आणखी जवळ. हा उपाय मला पटत नाही.

काही कड्या घेऊन पावणे एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या काकांकडे गेलो. म्हटलं, “काका, सगळ्या पिना नव्या करून द्याल का?” त्यांनी कडी उजेडासमोर धरली, पिन भोकात घालून वरखाली हलवली आणि म्हणाले, “पिनेला काय झालंय ओ साहेब? पिन आहे तशी आहे. भोक खाल्लंय बघा, लांबट झालंय.” खरंच तसं होतं. मुरमाची बारीक कच सांध्यात जाते आणि जो धातू मऊ, तो आधी झिजतो. नव्या पिना त्या लांबट भोकांत तशाच खुळखुळल्या असत्या. मी तिथल्या तिथे बेत बदलला.

आता कड्या एसजी आयर्नच्या, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाच्या करतोय. ओतकाम म्हटलं की महाराष्ट्रात कोल्हापूरचं नाव आधी येतं, तिथल्या एका फाउंड्रीने नमुन्याच्या कड्या ओतून पाठवल्या आहेत. हातात घेतल्या की फरक कळतो. ॲल्युमिनियमची कडी ३० ग्रॅम, ही ८०. दोन्ही पट्टे मिळून दहा-अकरा किलो वाढतील आणि गाडा शंभरी ओलांडेल. मला ते चालेल. वाढलेलं वजन अगदी तळाशी आहे, त्यामुळे चढावर गाडा अधिक स्थिर राहील, आणि मोटरची ताकद पुरून उरते. पिना ४ मिलिमीटर स्प्रिंग स्टीलच्या, टोकाला सर्क्लिप. पिनांना ग्रीस अजिबात लावायचं नाही. ग्रीस मुरमाला धरून ठेवतं आणि घासणारा लेप तयार होतो. खऱ्या सेंच्युरियनच्या पिनाही कोरड्याच असत. फिरवून झाल्यावर ब्रशने माती झाडायची, साध्या नळीने धुवायचं, ब्लोअरने वाळवायचं आणि कपड्याने गंजरोधक तेलाचा पातळ हात फिरवायचा, बस. प्रेशर वॉशरचा झोत चाकांच्या बेअरिंगवर मारू नका, पाणी सीलच्या आत जातं.

चाकांच्या धावांबद्दल, म्हणजे चाकांवरच्या मऊ वेष्टनाबद्दल, एक इशारा. पॉलियुरेथेनच्या धावा दिसायला सुरेख, पण त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या धावा दमट हवेत आतून विरघळतात. कपाटात ठेवलेल्या चांगल्या बुटांचे तळ पावसाळ्यानंतर भुगा होऊन पडतात, अगदी तसंच. माझ्या दोन चाकांवर भेगा दिसल्या, तेव्हा सगळीच चाकं रबर रोलर करणाऱ्याकडे देऊन काळं रबर चढवून घेतलं. आता पावसाळाभर रणगाडा जमिनीवर उभा ठेवत नाही. तुळईला चेन पुली लावून हल उचलायची, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, चाकं अधांतरी. एकाच जागी दाबून धाव चपटी होत नाही आणि खालून हवा खेळते.

सेंच्युरियनच निवडण्याला देखभालीचंही कारण आहे. याचं हॉर्स्टमन सस्पेन्शन हलच्या बाहेर बोल्टने लावलेलं असतं, एका बाजूला तीन संच, प्रत्येकात दोन चाकं. टॉर्शन बारच्या रणगाड्यासारखे हलच्या पोटातून आडवे दांडे जात नाहीत. माझ्याकडे चार बोल्ट काढले की अख्खा संच हातात येतो, आणि बॅटरीला आत सपाट जागा मिळते. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये हा रणगाडा जवळून बघता येतो. तिथे जाल तर तोफेचे फोटो कमी आणि चाकांमागचे जास्त काढा. बाकी मनातलं कारण एकच. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपाल यांनी ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमधून अखेरपर्यंत झुंज दिली, तेव्हा त्यांचं वय २१ होतं. माझ्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, तेच नाव रंगवलं आहे. त्या नावाचा गाडा पट्टा उतरून चिखलात अडकलेला मला बघवत नाही.

विजेचं थोडक्यात. व्हीलचेअरच्या २४ व्होल्ट, २५० वॅटच्या दोन गिअर मोटर, सेबरटूथ २×६० कंट्रोलर, आठ सेलची लिथियम फॉस्फेट बॅटरी. ती पूर्ण भरली की २९.२ व्होल्ट होते. मी २८ वरच थांबवतो, कारण कंट्रोलर ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत ढकलतो, आणि भरलेल्या बॅटरीचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) उतारावर एकदम पुरवठा तोडू शकतो. दर वेळी सुरू करण्याआधी गाडा ठोकळ्यांवर ठेवून पट्टे फिरवायचे आणि ट्रान्समीटर बंद करायचा. पट्टे तत्काळ थांबले, तरच गाडा खाली उतरवायचा. शंभर किलो धातू पोरांच्या पायांजवळ फिरतो, यात तडजोड नाही. मागच्या डेकवर लाल किल स्विच आहे आणि तो कुठे आहे हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे.

पुढचं काम असं: कोल्हापूरच्या दहा कड्या जोडून, ताणून, अंतर मोजायचं, आणि ते जितकं भरेल त्यावरून काकांकडून नवी स्प्रॉकेट कापून घ्यायची. आधी स्प्रॉकेट आणि मग कड्या असं केलं तर ओतकामातला फरक दातांवर येतो. ज्यांच्याकडे लोखंडी किंवा पोलादी कड्यांचे पट्टे कोकणपट्टीतल्या हवेत एखादा पावसाळा काढून आले आहेत, त्यांनी दहा कड्यांचं आधीचं आणि नंतरचं माप कळवा. पिनेचा व्यास आणि जमीन कसली आहे, तेही सोबत लिहा.