सायकल असताना घोडा कशाला?

विद्यापीठाच्या आवारात मी आधी सायकलवरून आणि पुढे घोड्यावरून पोलीस गस्त घातली आहे, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: सायकलने सारे आवार फिरून होते, मग एवढा खर्चिक घोडा कशाला पोसायचा? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

सायकलची उपयुक्तता मला पूर्ण मान्य आहे. वसतिगृहांमधल्या अरुंद वाटा, पायऱ्या, मोटारींना बंदी असलेले भाग, सगळीकडून ती आवाज न करता जाते. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या पोलिसांनी १९८७ साली सायकलगस्त सुरू केली, ती बांधकामांमुळे तुंबलेल्या रस्त्यांत गस्तीच्या मोटारी अडकून पडत होत्या म्हणूनच.

घोड्याचे काम याच्या अगदी उलट आहे, कारण घोडेस्वार दुरूनही दिसावाच लागतो. खोगिरावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर असते. सामना संपून मैदानाची दारे उघडली की सायकलवरून मला फक्त पाठी दिसत असत. घोड्यावरून मात्र गर्दी कुठे दाटते आहे आणि कोण पडले आहे, हे चेंगराचेंगरी होण्याआधी दिसते. शिकवलेला घोडा आडवी पावले टाकत सरकला की कुणालाही हात न लावता वाट मोकळी होते. अर्थात ढोल, छत्र्या, फडकणारे झेंडे यांना तो बुजणार नाही, इथवर त्याला आणायला महिनोन्‌महिने लागतात. मात्र शांतपणे बसलेल्या आंदोलक विद्यार्थ्यांसमोर पाचशे किलोंचे जनावर कधीही उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे भीती निर्माण करण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही.

पण घोडा मला हवासा वाटतो तो गर्दीसाठी नव्हे. घोड्याला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे दिसते, फक्त नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून जवळ येणाऱ्याला आम्ही खांद्यापाशी उभे राहायला सांगतो. एका संध्याकाळी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी अशीच येऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न पाहता, त्याच्या आयाळीकडे पाहत तिने सांगितले, की ग्रंथालयातून परतताना काही दिवसांपासून कुणीतरी तिचा पाठलाग करत आहे. कचेरीच्या खिडकीशी दोनदा येऊन ती न बोलताच परत गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या वाटेवर आम्ही सायकलवरचे दोन शिपाई नेमले. तिथे घोडा पाठवला नाही, कारण टापांचा आवाज ऐकून तो माणूस आधीच निघून गेला असता.