बँकेचं वर्ष आणि भरतीचं वर्ष

रविवार, रात्री

बी.एड. सीईटीचा निकाल बरा लागला. आता कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीला, कॉलेजांचे पर्याय भरायचे, पण त्याआधी पैशाचं ठरायला हवं. मी शिकवतो त्या क्लासला सुट्टी होती म्हणून दुपारी वही घेऊन बसलो.

पुण्यात राहायचं म्हटलं तर फी, खोली, मेस, पाठ टाचणं, इंटर्नशिपच्या शाळेत जाणं-येणं मिळून दोन वर्षांचे दोन लाख कुठेच गेले नाहीत. शिष्यवृत्ती आली तरी ती तिच्या सवडीने येते, तोवर मेसवाला थांबत नाही. हा कोर्स २०१५ पर्यंत एका वर्षाचा होता. थोडं आधी जन्मलो असतो तर खर्च अर्धा झाला असता!

बँकेतल्या मॅडमनी नीट समजावून सांगितलं. चार लाखांपर्यंत तारण नाही, वडील, म्हणजे आप्पा, सहकर्जदार. कोर्सची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. हप्ता नसला तरी व्याज मात्र चालू. दर साडेदहा टक्के धरला आणि दरवर्षी एक लाख उचललं, तर हप्ता सुरू होईपर्यंत साडेबावन्न हजार व्याज चढलेलं असेल. म्हणजे फेड दोन लाखांची नाही, अडीच लाखांची. पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ५,४३०. सात वर्षं घेतली तर ४,२६०.

वहीत नंतर आणखी एक ओळ लिहिली आणि तिनेच झोप उडवली. बार्शीच्या क्लासवर आज मला बारा हजार मिळतात. दोन वर्षं ते सोडायचे म्हणजे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. हे कुठल्याच बँकेच्या कागदावर नाही, पण कर्जापेक्षा मोठं आहे.

सोमवार

मिळकतीची बाजू. माध्यमिकला लागलो तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगार नाही, ठरावीक मानधन, १८,०००. २०२३ च्या आधी हेच मानधन ८,००० होतं, म्हणून १८ ऐकून लोक खूश होतात. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी, मूळ पगार ३८,६००, आणि महागाई भत्ता, घरभाडं धरून साठच्या पुढे. सहावी ते आठवीला लागायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास हवी आणि तिथे मानधन १६,०००. पहिली ते पाचवीचं दार तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालाने बी.एड.वाल्यांना बंदच झालं. ते डी.एड.वाल्यांचं.

एवढं मांडल्यावर वाटलं, मग घाबरायचं कशाला? १८ हजारांत ५,४३० जरा ओढाताण करून निघतील, आणि पगार नियमित झाला की सहा-सात महिन्यांच्या वाढीव पैशात सगळं कर्ज फिटेल. कागदावर या पदवीइतका स्वस्त सौदा दुसरा नाही.

आप्पांनी वही पाहिली. ते म्हणाले, ''हे लागल्यावरचं झालं. लागायचं कधी?''

मंगळवार

आत्याकडे गेलो. दादा, आत्याचा मुलगा, दुकानात होता. त्याने २०११ ला डी.एड. केलं, तेव्हा तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघाली होती. पुढच्याच वर्षी शासनाने शिक्षक भरती बंद केली. डिसेंबर २०१३ ला राज्याची पहिली टीईटी झाली, त्यात तो पास झाला. पास होऊन करायचं काय, भरतीच नव्हती. शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आणि त्या भरतीसाठी द्यायची अभियोग्यता चाचणी आली २०१७ ला. तोवर त्याचं लग्न झालं होतं आणि कृषी सेवा केंद्राचा परवानाही निघाला होता.

त्याला विचारलं, कर्ज काढलं होतंस का? ''नाही, आईनं दोन म्हशी विकल्या होत्या. म्हशी परत हप्ता मागत नाहीत.'' असं म्हणून तो गिऱ्हाईकाला युरिया द्यायला उठला.

येताना एसटीत चाचणीची वर्षं आठवत बसलो. डिसेंबर २०१७. त्यानंतर थेट २०२३ चा फेब्रुवारी-मार्च. मग २०२५ चा मे-जून. २०१८ च्या उन्हाळ्यात बी.एड. संपवलेल्याला पुढची चाचणी जवळजवळ पाच वर्षांनी मिळाली. बँकेने त्याला सवलत दिली असेल एका वर्षाची. शिवाय चाचणी दिली की लगेच नोकरी असंही नाही. २०२३ च्या चाचणीला दोन लाखांवर पोरं बसली आणि शिफारसींची पहिली मोठी यादी आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे आणखी एक वर्ष.

बँक 'कोर्स अधिक एक वर्ष' धरते. हा हिशेब इंजिनिअरिंगच्या कॅम्पसवर चालत असेल. शिक्षकाला नोकरी देणारा मुख्य मालक शासन आहे आणि त्याची भरती मनात येईल तेव्हा निघते.

मधल्या काळात काय करणार? खासगी इंग्रजी शाळा. इकडे बी.एड. नसलेल्याला साडेबारा देतात, असलेल्याला पंधरा. पदवीने वाढले अडीच हजार आणि हप्ता साडेपाच हजारांच्या जवळ. खरा धोका हाच.

बुधवार

ओळखीतल्या एकाने 'संस्थेतली जागा' सुचवली. अनुदानित आहे, म्हणाला, बी.एड. होऊन ये, बाकी मी बघतो. किती लागतील विचारलं तर आकडा लाखांत सांगितलाच नाही. ''शेती किती आहे तुमची?'' एवढंच विचारलं. आप्पा चहा अर्धा टाकून उठले. मला बरं वाटलं.

शुक्रवार

आप्पांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज आहे, दर मार्चला नवं-जुनं होतं, म्हणजे जुनं भरून नवं उचलायचं. त्यामुळे बँकेला थकबाकी नसल्याचा, बेबाकी दाखला लागणार, आणि दाखल्यासाठी सचिव सापडायला हवा. तो सापडला नाही.

पण ठरलंय. पुणे नाही, सोलापूर. मामाकडे राहायचं म्हणजे खोली नाही, मेस नाही. कर्ज एका लाखाच्या वर न्यायचं नाही, आणि तेही दोन भागांत उचलायचं. पूर्ण लाखाचं व्याज महिन्याला ८७५ रुपये होतं, ते हप्ता सुरू होईपर्यंत दर महिन्याला भरायचं, म्हणजे मुद्दल लाखच राहील. मग पाच वर्षांचा हप्ता २,१५०. खासगी शाळेच्या पगारवाढीतून तो निघतो, उद्या भरती चार वर्षं आली नाही तरी. सकाळच्या दहावीच्या गणिताच्या बॅचसाठी सोलापुरातल्या एका क्लासशी बोललोय. आठशे पंच्याहत्तर आणि मोबाइलचा रिचार्ज सुटायला हरकत नाही.

मामी काय म्हणेल ते अजून विचारायचं आहे. आई म्हणाली, ते माझ्यावर सोड. सचिव सोमवारी भेटतो म्हणालाय.